बापूच्या रक्तात काय लिहिलं होतं?

मागच्या महिन्यात लातूरहून भाच्याचा फोन आला. आवाज घाबरलेला. "आत्या, चाळिशीनंतरच्या तपासण्या करून घेतल्या. बाकी सगळं ठीक आहे, पण ते होमोसिस्टीन का काय म्हणतात ते ३४ निघालंय. पंधराच्या आत पाहिजे म्हणे. लॅबवाल्यानं ठळक छापलंय. नेटवर बघितलं तर हार्ट अटॅकशी संबंध लिहिलाय. आता गं?"

आता मी काय सांगणार? तेहतीस वर्षं शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. बी.ए. केलं ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजातून, तेही मराठी माध्यमातून. "डॉक्टरांना दाखव बाबा" म्हणून फोन ठेवता आला असता. तसं म्हणालेही. पण फोन ठेवल्यावर झोप लागेना, कारण हा माझ्या बापूचा मुलगा.

ब्लॉगवरच्या जुन्या वाचकांना बापू ठाऊक आहे, नव्यांसाठी थोडक्यात सांगते. बापू माझा धाकटा भाऊ. लातूरच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होता. आमचं घर माळकरी, आजोबांपासून. बापूला पान नाही, तंबाखू नाही, बाहेरचं खाणं नाही. अंगानं किरकोळ, हातपाय काडीसारखे, पोट तेवढं जरा पुढं आलेलं. २००३ च्या जानेवारीत रात्री साडेनऊला त्याचा फोन आला होता, "आक्का, छातीत जळजळतंय गं." मी म्हणाले, "जेवायला उशीर झाला असेल. ओवा खा आणि जरा शतपावली घाल." पहाटे साडेचारला वहिनीचा फोन आला. बापू ५१ वर्षांचा होता.

त्याच्या आदल्या दिवाळीत त्यानं तपासणी करून घेतली होती. कोलेस्टेरॉल नॉर्मल. ती फाईल वहिनीनं नंतर माझ्याकडं दिली. ती आजही माझ्या लोखंडी कपाटात आहे. इतकी वर्षं माझ्या मनात एकच प्रश्न आहे की, रक्त काढलं, तपासलं, पैसे दिले, मग त्या रक्तात पुढचं काहीच कसं लिहिलेलं नव्हतं? की लिहिलेलं होतं आणि वाचता येत नव्हतं?

भाच्याच्या फोनच्या निमित्तानं हा प्रश्न धरून बसले. नात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. तिला रोज संध्याकाळी तास-दीड तास समोर बसवलं. ती इंग्रजी वाचायची, मी वहीत उतरवून घ्यायची. जन्मभर मी मुलांना टिपणं दिली, आता नात मला देते! ही त्या वहीची गोष्ट आहे. चुका असतील त्या माझ्या.

*

रक्तवाहिन्या आतून का बुजतात, हा प्रश्न जुना आहे. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं आणि त्यांच्या रक्तवाहिन्यांत माणसासारखेच थर साचलेले दाखवले. पण ससा म्हणजे माणूस नव्हे. माणसांचा मोठा अभ्यास सुरू झाला १९४८ साली, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम नावाच्या गावात. गावातल्या ५,२०९ धडधाकट बायका-पुरुषांची नोंद केली आणि वर्षानुवर्षं पाहत राहिले की कोण आजारी पडतं, कोण नाही. इतिहासाच्या बाईला ही पद्धत फार आवडली. आपण इतिहासवाले घटना घडून गेल्यावर कारणं शोधतो. यांनी आधी दप्तर मांडलं आणि मग घटना घडायची वाट पाहिली. त्या दप्तरातून पुढं आलेली नावं आज सगळ्यांना पाठ आहेत. वाढलेलं कोलेस्टेरॉल, रक्तदाब, धूम्रपान, मधुमेह.

पण या यादीत न बसणारी माणसं प्रत्येक गावात असतात. बापूसारखी. म्हणून शोध थांबला नाही.

१९६९ साली बोस्टनच्या किल्मर मॅककली या डॉक्टरनं दोन मुलांच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र मांडल्या. एक मुलगा आठ वर्षांचा, १९३३ साली मेंदूच्या झटक्यानं गेलेला. दुसरं तर दोन महिन्यांचं लेकरू. दोघांच्याही रक्तवाहिन्या म्हाताऱ्या माणसासारख्या कडक झालेल्या. दोघांत जन्मजात दोष वेगवेगळे होते, पण परिणाम एकच. रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य बेसुमार साचत होतं. मॅककली म्हणाले की वाहिन्या खराब करणारं हेच असावं, आणि मोठ्या माणसांतही ते थोडं वाढलं तर हळूहळू हाच प्रकार होत असावा.

त्या काळात सगळीकडं कोलेस्टेरॉलचा बोलबाला. मॅककलींचं म्हणणं फारसं कुणी ऐकलं नाही. सत्तरीच्या दशकाअखेर त्यांना ती नोकरीची जागाही सोडावी लागली. नव्वदच्या दशकात मात्र वारं फिरलं. होमोसिस्टीन जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त, असे अभ्यास एकामागून एक आले, आणि मॅककली खरे ठरले असं सगळे म्हणू लागले.

होमोसिस्टीन काही विष नाही हं. आपण खातो त्या प्रथिनांतून ते शरीरातच तयार होतं. त्याची विल्हेवाट लावायला फोलेट आणि बी-१२ ही जीवनसत्त्वं लागतात. ती कमी पडली की होमोसिस्टीन तुंबतं. फोलेट हिरव्या भाज्यांत आणि डाळींत भरपूर. बी-१२ मात्र मांस, मासे, अंडी, दूध यांतच. म्हणजे माळकऱ्याच्या घरात काय ते दुधात. आणि मोंढ्यातल्या मुनिमाच्या घरी दूध म्हणजे चहापुरतं.

इथं मी वही बाजूला ठेवली आणि नातीला म्हणाले, "थांब जरा."

*

पुढचा भाग पुण्याचा आहे. पुण्यातल्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे डॉक्टर. १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बायकांच्या गरोदरपणातल्या आहाराचा अभ्यास सुरू केला. (त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे आमच्याकडं किल्लारीचा भूकंप झाला, म्हणून ते साल मला विसरता येत नाही.) या अभ्यासातली बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोची. आपली बाळं हाडाला, मांसाला बारीक, पण चरबी त्या मानानं राखून असलेली. 'बारीक पण चरबीचं बाळ' असं काहीसं नाव त्यांनी याला दिलं.

२००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो 'लॅन्सेट' या मोठ्या नियतकालिकात छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी साहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! नातीनं फोटो दाखवला तेव्हा मला हसू आलं आणि मग एकदम रडूही. पातळ अंगाचा, शर्टाखाली जरासं पोट असलेला माणूस. आमचा बापू तसाच दिसायचा. आम्ही सगळे म्हणायचो, "बापूला काय होतंय, काटकुळा आहे तो."

पण होमोसिस्टीनचं सांगत होते. २००१ साली डॉ. याज्ञिकांचा गट आणि नॉर्वेतले हेल्गा रेफसम, पेर उएलांड वगैरे शास्त्रज्ञ यांनी मिळून पुण्यातल्या २०४ लोकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयं २७ ते ५५. चार गट होते. हृदयविकार असलेले, मधुमेह असलेले, दोन्ही असलेले, आणि निरोगी. प्रश्न असा होता की बी-१२ खरंच कमी आहे का, आणि ते ओळखायचं कशावरून?

आता यात एक मेख आहे. होमोसिस्टीन वाढलं तर दोष बी-१२ चा की फोलेटचा, हे कळत नाही. दोघांपैकी कुणीही कमी पडलं तरी ते वाढतंच. म्हणून त्यांनी दुसरा साक्षीदार उभा केला, मिथाइलमॅलोनिक आम्ल. हे बी-१२ कमी पडलं की साचतं, फोलेटशी त्याचा संबंध नाही. म्हणजे दोन्ही वाढले असतील तर गुन्हेगार बी-१२ ची कमतरता. पण हे आम्ल रक्तात असतं अगदी नखभर, आणि तशाच आकाराची भावंडं आजूबाजूला. ते वेगळं काढून मोजायचं तर मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं यंत्र लागतं.

या यंत्रानं मला दोन दिवस छळलं. शेवटी आमच्या खळ्यामुळं समजलं.

उपणणी चालायची तेव्हा माय उंच तिपाईवर उभी राहायची. पाटीतून ज्वारी हळूहळू सोडायची. वारा सगळ्यांना एकच. पण टपोरा दाणा सरळ खाली पडायचा, पोचट दाणा हातभर पुढं, आणि भुसा पार बांधाकडं. डोळे मिटून कुणी त्या ढिगांवर हात ठेवला तरी सांगता आलं असतं, कुठं काय पडलंय ते. हे यंत्र तेच करतं. आधी रेणूंना विजेचा भार द्यायचा, म्हणजे त्यांना वारा 'लागतो'. मग हवा काढून घेतलेल्या पोकळीत त्यांना सोडायचं आणि चुंबकानं किंवा विजेनं ढकलायचं. हलका रेणू जास्त वळतो, जड कमी. कोण कुठं पोचलं यावरून त्याचं वस्तुमान कळतं. जे. जे. थॉमसन यांनी १९१२-१३ च्या सुमारास असाच निऑन वायू सोडला, तर एकाऐवजी दोन जागी खुणा उमटल्या. एक वीस वजनाची, एक बावीसची. एकाच मूलद्रव्याचे दोन भाऊ! त्यांचे सहकारी फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९१९ साली हे यंत्र सुधारलं आणि १९२२ चं नोबेल मिळवलं.

आणि मोजायचं कसं? याची युक्ती तर फारच गोड आहे. ज्या द्रव्याचा शोध घ्यायचा, त्याचाच मुद्दाम थोडा जड केलेला जुळा भाऊ ठरावीक मापानं रक्तात आधीच मिसळायचा. पुढं धुण्या-गाळण्यात जे सांडेल ते दोघांचंही सारखंच सांडेल. शेवटी यंत्रात दोघं शेजारी शेजारी पडतात. जुळ्याचं माप आपल्याला माहीत, त्याच्याशी तुलना केली की मूळ किती होतं ते कळलं. ज्वारी मोजताना आपण आपलं पायलीचं माप सोबत न्यायचो, तसंच.

आता २०४ लोकांचा निकाल ऐका. ७७ टक्के लोकांचं होमोसिस्टीन पंधराच्या वर. रक्तातलं बी-१२ कमी असलेले ४७ टक्के. दोन्ही साक्षीदारांच्या जबानीवरून, सुमारे पाऊणशे टक्के लोकांत बी-१२ कमी असल्याची चिन्हं. त्यात शाकाहारीच नव्हे, मांसाहारीही होते. फोलेटची कमतरता क्वचित.

मी नातीला म्हणाले, "सापडलं की! हेच तर. बापूचं हेच झालं."

ती म्हणाली, "आजी, पुढची ओळ ऐक. चारही गटांत फरक नव्हता."

म्हणजे? म्हणजे हृदयविकार असलेल्यांचं होमोसिस्टीन जास्त आणि निरोग्यांचं कमी, असं काही दिसलं नाही. सगळ्यांचंच जास्त! वर्गातल्या सगळ्याच पोरांचे बूट चिखलानं भरलेले असतील, तर आंबे कुणी चोरले हे बुटांवरून कसं ओळखणार?

२००६ साली याज्ञिकांच्याच गटानं ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही खेड्यातले, काही झोपडपट्टीतले, काही शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी, ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन जास्त. आणि सगळ्यांत वाईट स्थिती शहरातल्या मध्यमवर्गाची, म्हणजे आपल्यासारख्या खाऊन-पिऊन सुखी लोकांची.

*

त्याच २००६ साली दुसरीकडं मोठा निकाल लागला. होमोसिस्टीनमुळं हृदयविकार होतो असं मानलं, तर गोळ्या देऊन ते कमी केल्यावर झटके कमी व्हायला हवेत. गोळ्या स्वस्तच. कॅनडातल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकारानं ५,५२२ रुग्णांवर पाच वर्षं प्रयोग झाला. निम्म्यांना फोलिक आम्ल, बी-६ आणि बी-१२, निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी. नॉर्वेत नुकताच झटका येऊन गेलेल्या ३,७४९ रुग्णांवर असाच दुसरा प्रयोग झाला. दोन्हीकडं होमोसिस्टीन छान उतरलं. पण हृदयाचे झटके कमी झाले नाहीत. कॅनडावाल्यांत मेंदूचे झटके थोडे कमी दिसले, एवढंच.

हे वाचून मी खूप वेळ गप्प बसले. नंतर मला माझ्याच पेशातलं उदाहरण आठवलं. आमच्याकडं मार्कांचं फार वेड. लातूर म्हटलं की लोकांना मार्कच आठवतात! मार्क म्हणजे काय, तर पोराला किती येतं याची खूण. पण एखाद्या पोराला तिमाहीत ३४ मार्क पडले आणि बाईंनी लाल पेनानं त्याचे ७४ केले, तर पोराला गणित यायला लागतं का? खूण बदलली, गोष्ट तीच राहिली. होमोसिस्टीनचं बहुधा तसंच झालं. जिथं वाहिन्या बिघडतात तिथं ते पुष्कळदा वाढलेलं दिसतं, पण ते खाली ओढलं म्हणून वाहिन्या सुधारत नाहीत.

अर्थात नातीनं इथं मला टोकलं. त्या प्रयोगांतले बहुतेक रुग्ण गोरे, मांस-मासे खाणारे. कॅनडा आणि अमेरिकेत तर १९९८ पासून पिठातच फोलिक आम्ल घालतात. बी-१२ मुळातच कमी असलेला आपला माणूस त्यांच्यात फारसा नव्हता. म्हणून तिकडचा निकाल जसाच्या तसा इकडं लावू नये. हे मला पटलं. पण त्याच न्यायानं 'गोळी घ्या आणि हृदय वाचवा' असंही कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

*

मग आता शोध कुठं आहे? तर खळं फार मोठं झालंय. पूर्वी मोठी प्रथिनं या यंत्रात उडवताच येत नव्हती, तापवली की मोडायची. ऐंशीच्या दशकात दोन वाटा निघाल्या. अमेरिकेत जॉन फेन यांनी विजेच्या दाबाखाली द्रावणाचा बारीक फवारा मारून प्रथिनं अलगद हवेत उडवली. जपानमध्ये कोइची तानाका नावाचा, एका कंपनीत काम करणारा तरुण इंजिनिअर. त्यानं चुकून एका बारीक धातूच्या भुकटीत भलतंच द्रव्य, ग्लिसरीन ओतलं. टाकून द्यायला जीव होईना म्हणून तसंच वापरून बघितलं, आणि लेसरच्या माऱ्यातही रेणू न मोडता उडाले. २००२ साली दोघांनाही नोबेल मिळालं. तानाकांकडं पीएच.डी. नाही, नुसती पहिली पदवी! आमच्यासारख्या बी.ए. वाल्यांना केवढा आधार वाटतो सांगू.

तरी रक्तातून नवी खूण काढणं सोपं नाही. रक्तद्रवातलं जवळजवळ निम्मं प्रथिन एकटं अल्ब्युमिन. कणगीभर ज्वारीत एक मोहरीचा दाणा शोधायचा, तसं आहे.

२०११ साली अमेरिकेतल्या क्लीव्हलँडच्या शास्त्रज्ञांनी आधी काहीच न ठरवता शोध घेतला. पुढं झटका आलेले किंवा दगावलेले ५० रुग्ण आणि काही न झालेले ५०, यांचं साठवलेलं रक्त यंत्रात घातलं आणि वेगळं काय दिसतं ते पाहिलं. दुसऱ्या रुग्णांवर पडताळून शेवटी १८ खुणा उरल्या. त्यांतल्या एकीचं लांबलचक नाव आहे, टी.एम.ए.ओ. म्हणू. अंडी-मांसातल्या काही घटकांपासून आपल्या आतड्यातले जिवाणू एक वायू तयार करतात आणि यकृत त्याचं हे द्रव्य बनवतं. पण मासे खाल्ल्यावरही ते वाढतं, मूत्रपिंड थकलं की साचतं. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, ही खूण की कारण?

एक खूण मात्र घराघरात पोचली आहे. 'तीन महिन्यांची शुगर'. रक्तातली साखर प्रथिनाला चिकटते आणि त्या प्रथिनाचं वजन ठरावीक आकड्यानं, १६२ नं वाढतं. वजन वाढलं म्हणजे यंत्राला दिसलंच. त्या तपासणीचं जागतिक प्रमाण माप ठरवायला हेच यंत्र वापरलं जातं. आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. महेश कुलकर्णी यांच्या गटानं अल्ब्युमिनला चिकटलेली साखर याच पद्धतीनं अभ्यासली आहे.

*

वही भरत आली तेव्हा नातीनं आणखी एक अभ्यास वाचून दाखवला. ५२ देशांतला, २००४ सालचा. पहिल्यांदा हृदयविकाराचा झटका आलेल्या हजारो माणसांची तुलना निरोग्यांशी केली. नऊच गोष्टींनी बहुतेक धोका उलगडला. तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मनाचा ताण, फळं-भाज्या न खाणं, व्यायाम नसणं, आणि दारूचं प्रमाण. त्यातल्याच दक्षिण आशियाई लोकांबद्दल २००७ साली वेगळा लेख आला. नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी त्याचे पहिले लेखक. आपल्याकडं पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, बाकीच्या देशांत जवळजवळ ५९ व्या. कारणं तीच, फक्त ती आपल्याला लवकर गाठतात.

'कारणं तीच' हे ऐकल्यावर मी उठले आणि कपाटातून बापूची फाईल काढली.

ही फाईल मी वीसेक वेळा तरी वाचली असेल. पण दरवेळी छापलेले आकडे वाचले. कोलेस्टेरॉल १८४. उपाशीपोटी साखर ११४. पुढं 'नॉर्मल' नाही की 'जास्त' नाही, काहीच नाही. या वेळी पहिल्या पानाच्या समासात निळ्या पेनानं लिहिलेलं दिसलं. 'बी.पी. १५४/९८. पंधरा दिवसांनी परत दाखवा.' ते यंत्रातून आलेलं नव्हतं, म्हणून मला ते कधी 'रिपोर्ट' वाटलंच नव्हतं. वहिनीला फोन करून विचारलं, बापू परत गेला होता का? ती म्हणाली, "नाही हो आक्का. तुरीचा सीझन होता ना. म्हणाले, कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आलंय."

मी असं म्हणत नाही की त्यामुळंच तो गेला. एका आकड्यानं माणूस जात नाही, हे एवढं वाचून तरी मला कळलंय. ११४ साखर, पोटाचा तो जरासा घेर, बी.पी., मोंढ्याचा ताण, कदाचित बी-१२ ही, सगळं मिळून काय झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही. पण माझ्या मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. काही गोष्टी रक्तात लिहिलेल्या असतील आणि वाचता येत नव्हत्या. पण एक गोष्ट पेनानं, आम्हाला वाचता येईल अशा अक्षरात लिहिलेली होती. ती वाचायला मला वीस वर्षांच्या वर लागली.

दुसऱ्या दिवशी भाच्याला फोन केला. म्हणाले, "बी-१२ तपासून घे आणि कमी असेल तर डॉक्टर सांगतील तसं घे. मज्जातंतूंसाठी, रक्तासाठी ते लागतंच. नुसतं फोलिक आम्ल मनानं घेऊ नकोस, त्यानं रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालू राहतं. पण ३४ खाली आलं म्हणजे आपण सुटलो असं समजू नकोस." मग विचारलं, "बी.पी. किती होतं रे?"

थोडा वेळ आवाज नाही. मग म्हणाला, "आत्या, ते त्या पॅकेजमध्ये नव्हतं गं."

"मग आज संध्याकाळी जाऊन मोजून ये."

रात्री पुन्हा फोन आला. १४६/९४ होतं. डॉक्टरांनी आठवडाभर घरी मोजायला सांगितलंय. मशीन घेतलंय, तक्ता करून रोज फोटो पाठवतो. त्याचं अक्षर बापूसारखंच आहे, आकड्यांना शेपट्या काढतो.

असो. फार लांबलं. पुतणे, भाचे, भाच्या, चाळिशी ओलांडलेले सगळे, हे वाचत असाल तर आपापलं बी.पी. मोजून खाली कळवा. आक्काला आकडा पाहिजे, 'नॉर्मल आहे' चालणार नाही. आणि बाकीच्या ब्लॉगमित्रांनो, तुमच्याही घरात अशी एखादी जुनी फाईल असेल, तर समासात काय लिहिलंय ते एकदा बघा.